मोठ्या गाडीशेजारी: कवठे महांकाळच्या हायवेवर काय करावे, काय टाळावे

रत्नागिरी–नागपूर महामार्ग, क्रमांक १६६, कवठे महांकाळवरून चौपदरी झाला आणि मिरज एकदम जवळ आल्यासारखी वाटू लागली. मात्र त्याच रस्त्यावर कंटेनर आहेत, हायवा आहेत, आणि आपल्या उसाच्या डबल ट्रॉल्याही आहेत. नागज फाट्यावर गुहागर–विजापूर रस्ता येऊन छेदतो, तिथे या गर्दीत आणखी भर पडते. जानेवारी ते मार्च सर्वांत वाईट. ऊस संपलेला नसतो, द्राक्षं सुरू झालेली असतात आणि शेडवरचा बेदाणा कोल्ड स्टोरेजकडे निघालेला असतो.

आपली दुचाकी सव्वाशे किलोच्या आतली. साध्या सहाचाकी ट्रकला २०१८ पासून मालासकट साडेअठरा टनांची परवानगी आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. तरी मला वजनापेक्षा दिसण्याचा प्रश्न मोठा वाटतो. चालत्या ट्रकच्या ड्रायव्हरला आपण दिसत नाही आणि रात्री उभा असलेला ट्रक आपल्याला दिसत नाही. पुढचं बहुतेक सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

काय करावे

• ट्रकचा आरसा बघा. आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. केबिन उंच असते, त्यामुळे पुढच्या काचेखालचा काही मीटरचा पट्टा त्याच्या नजरेतून सुटतो. ट्रकच्या अगदी पाठीमागे तर काहीच दिसत नाही. आणि सर्वांत फसवी बाजू डावी. तो उजवीकडे बसलेला, तुम्ही डाव्या दाराखाली.

• तीन सेकंदांचं अंतर ठेवा. पुढचा ट्रक एखाद्या खांबाजवळून गेला की मनात म्हणा, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. ताशी ६० च्या वेगात हे अंतर ५० मीटर भरतं. पावसात दुप्पट करा.

• रात्री रेडियमचा रंग वाचा. ट्रकला मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकपट्टी असावी असा नियम आहे. लाल दिसली तर गाडी तुमच्याच दिशेने चालली आहे, किंवा उभी आहे. पिवळी पट्टी लांबलचक दिसली, तर गाडी रस्त्यावर आडवी आहे: कटमधून वळतेय किंवा ढाब्यातून बाहेर पडतेय. ट्रेलर वळायला वेळ लागतो. वेग तिथल्या तिथे कमी करा.

• अंधारात उभा ट्रक आहे असंच धरून चाला. टायर फुटलेला, डिझेल संपलेलं, ड्रायव्हरला डुलकी आलेली. कारण काहीही असो, तो साइडपट्टीवर अर्धा आत, अर्धा बाहेर असतो आणि टेल लाइट बंद. दुचाकीचा दिवा डिपरवर तीस-चाळीस मीटर रस्ता उजळतो. ६० च्या वेगात, दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच सतरा मीटर गेलेले असतात आणि गाडी थांबायला तेवढेच किंवा जास्त लागतात. म्हणजे दिसलं तेव्हा उशीर झालेला. उपाय एकच, वेग ४०–४५. घरी दहा मिनिटं उशिरा पोचाल. रस्त्यावर दगडांची ओळ किंवा लिंबाची फांदी दिसली की समजा, पुढे गाडी बंद पडली आहे. आपल्याकडचा हा जुना इशारा आहे आणि अजून तरी खरा ठरतो.

• ओव्हरटेक उजवीकडून, एका दमात. शेजारी रेंगाळू नका. ट्रकच्या आडोशातून पुढे निघालात की वारा अंगावर येतो आणि मोटारसायकल हलते. आपल्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. दोन्ही हात हँडलवर हवेत, आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट.

• वळणाऱ्या ट्रेलरला अख्खा चौक द्या. त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागे जात नाहीत, आतून कापत येतात. डावीकडे वळायचं असलं तरी तो आधी उजवीकडे झुकतो. ती मोकळी झालेली जागा तुमच्यासाठी नाही. नागज फाट्यावर हे उभं राहून बघण्यासारखं आहे. अर्थात लांबून.

• ट्रॉलीवाल्यांनो, मागे रेडियम लावा. ट्रकला एवढं बोललो, पण ऊस भरल्यावर बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांमागे तुमचा लाल दिवा असतो कुठे? फळीच्या दोन्ही टोकांना पट्टी लावा, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. दुसऱ्या ट्रॉलीलाही लावा. मागून येणाऱ्याला तीच दिसते.

• चालताना समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. सकाळी फिरायला जाणारे आणि आषाढीला पंढरपूरकडे निघालेले, दोघांनाही हे लागू. दिंडीच्या शेवटच्या माणसाच्या हातात पहाटे लाल दिवा असू द्या.

• फोनमध्ये दोन नंबर ठेवा: महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. जखमीला मदत केली म्हणून पोलीस आपल्यालाच धरतील ही भीती जुनी झाली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलं आहे.

काय टाळावे

• राँग साइड. डिव्हायडर झाल्यापासून शेत पलीकडे आणि कट दीड-दोन किलोमीटरवर, ही अडचण खरी आहे. पण उलट्या बाजूने येणारी दुचाकी ट्रकच्या ड्रायव्हरच्या हिशेबातच नसते. तो ७० ने येतो, तुम्ही ४० ने; दोघांमधलं अंतर ११० च्या वेगाने संपतं. वैरणीचा भारा मागे बांधून असं येणाऱ्यांना मी रोज बघतो आणि रोज माझाच जीव वर येतो. कट लांब असेल तर ग्रामपंचायतीने सर्व्हिस रोडची मागणी लावून धरावी, आणि तोवर पेट्रोल जाळावं.

• ट्रक आणि साइडपट्टी यांच्यामधून डावीकडून घुसणं.

• ट्रकच्या उजव्या इंडिकेटरवर भरवसा. एक ड्रायव्हर तो ‘जा पुढे’ म्हणून देतो, दुसरा ‘मी वळतोय, थांब’ म्हणून. किन्नरने हात हलवला तरी तेच. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसला तरच निघा.

• हॉर्नवर विसंबणं. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे ट्रकच्या पाठीवरचं वाक्य राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ मध्येच बंद करायला लावलं, पण ती सवय काही पुसली नाही. त्यात १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीत बसणाऱ्या माणसाला ती मिळायलाच हवी होती. पण काच बंद म्हणजे तुमची पीपी आणखी कमी ऐकू येणार. डिपर द्या.

• बोरगाव टोलनाक्याच्या अलीकडे ट्रकपुढे कट मारून ब्रेक लावणं. भरलेली गाडी लगेच थांबत नाही. एअर ब्रेक लागायलाही क्षणभर जातो.

• चढावर ट्रकला चिकटून उभं राहणं. गिअर बदलताना तो हातभर मागे येतो.

• अप्परवर गाडी चालवणं. समोरच्याचे डोळे दिपले की तो तुमच्याच अंगावर येणार.

• बागेच्या कामावरच्या बायकांना पिकअपच्या हौद्यात दाटीवाटीने उभं करून हायवेवर आणणं. काम पहाटे लवकर असतं, गाडी एकच असते, सगळं खरं. दोन खेपा करा. मुकादमाने नाही म्हटलं तर बागायतदाराने म्हणावं. डिझेल त्याचं आहे.

• बंद गाडी सुरू झाली की दगड तिथेच टाकून जाणं. मागून येणाऱ्या मोटारसायकलला ते ट्रकइतकेच महागात पडतात.

• चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढणं. मीही ओढलाय, पण तेव्हा बैलगाडी होती आणि गाडीवान चाबूक दाखवून हसायचा. आता ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात, मागे काय चाललंय ते ड्रायव्हरला कळत नाही, आणि मोळी सुटली तर पोर दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाखाली. शाळा सुटायच्या वेळेला स्पीडब्रेकरजवळ एखाद्याने उभं राहावं. ट्रॉली चहाला थांबली असेल तेव्हा मागा की, दोन कांड्यांना कुणी नाही म्हणत नाही.