लाकडाला मीटर नसतो: चारदीवारीतल्या घराचं एनर्जी ऑडिट किती खर्चात?

जयपूरच्या चारदीवारीतल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या शहरातल्या, जुन्या घरात वीज, गॅस आणि लाकूड ही तिन्ही इंधनं एकत्र नांदतात. विजेचं बिल येतं, सिलिंडरची पावती मिळते. लाकडाचे पैसे मात्र टालवाल्याला, म्हणजे वखारवाल्याला, रोख दिले जातात आणि महिनाअखेर कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून ज्या घरात आंघोळीचा बंब किंवा डिसेंबर-जानेवारीतली सिगडी लाकडावर चालते, तिथलं ऑडिट वजनकाट्यापासून सुरू करावं. हुकाला लटकवायचा डिजिटल काटा चारपाचशे रुपयांत मिळतो. आठवडाभर सकाळी जाळायला घेतलेलं लाकूड तोलायचं, संध्याकाळी उरलेलं तोलायचं आणि वजाबाकी वहीत लिहायची. एवढं हातात नसेल, तर बाहेरून आलेला तज्ज्ञही लाकडाच्या रकान्यात अंदाजच लिहील आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही मोजाल.

आता एका बादलीचा हिशेब. पंधरा लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला ३७५ किलोकॅलरी लागतात. गीझरला त्यासाठी साधारण अर्धं युनिट वीज लागते. युनिट ८ रुपये धरलं तर ४ रुपये. वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात, पण बंबात त्यातल्या पंधरा-वीस टक्केच पाण्याला लागतात असं धरू. म्हणजे बादलीमागे अर्धा ते पाऊण किलो लाकूड. किलोला १० रुपये दराने ५ ते साडेसात रुपये. गॅस गीझरवर, सिलिंडर ९०० रुपयांचा धरून, पावणेतीन रुपयांच्या आसपास. रोज चार बादल्या आणि थंडीचे तीन महिने धरले तर लाकूड १,८०० ते २,७०० रुपयांचं आणि वीज १,४५० च्या आसपास. दर तुमच्या टालीचे आणि तुमच्या बिलातले घाला, आकडे बदलतील. लाकूड फुकटात पडतं हा समज मात्र टिकणार नाही.

इथेच थोडं थांबा. फरक हंगामाला फार तर हजार-बाराशेचा आहे. तेवढ्यासाठी पाच हजारांची फी देऊन तज्ज्ञ बोलावू नये. लाकूडच वापरायचं असेल तर मे महिन्यात घ्या आणि चौकातल्या सावलीत उभं-आडवं रचून ठेवा. राजस्थानच्या कोरड्या हवेत ते छान वाळतं. पावसाळ्यात वजनावर ओलं लाकूड घेतलं तर पाण्याचे पैसे लाकडाच्या भावाने मोजावे लागतात, शिवाय ते पाणी उडवण्यातही आच खर्ची पडते.

पैसा खरा गच्चीतून जातो. चारदीवारीतल्या दगड-चुन्याच्या जाड भिंती उष्णता उशिरा आत सोडतात. वर दगडी पट्ट्यांचं छत मात्र दिवसभर ऊन खातं आणि ते रात्री झोपण्याच्या खोलीत सोडतं. दीड टनाचा एसी उन्हाळ्यात तासाला एक युनिट खातो असं धरलं, तरी रोज आठ तास आणि शंभर दिवस मिळून ८०० युनिट होतात, म्हणजे ६,४०० रुपये. हजार-दीड हजाराचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. छताच्या खालच्या बाजूचं आणि भिंतीचं तापमान दुपारी चारला आणि रात्री नऊला मोजा. छत भिंतीपेक्षा चार-पाच अंशांनी तापलेलं निघालं, तर पहिला खर्च गच्चीवर चुन्याची सफेदी. हजार चौरस फुटांना मजुरीसह पाच-सात हजारांचा अंदाज ठेवा. तयार कूल-रूफ पेंटचं कोटेशन त्याच्या तीन-चार पट येऊ शकतं. भिंतींना सिमेंटचं प्लास्टर किंवा फोम लावण्याचा सल्ला कुणी दिला तर साफ नकार द्या. चुन्याच्या भिंतीतला ओलावा मग बाहेर पडत नाही आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. जयपूर २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं आहे. बाजाराकडच्या गुलाबी दर्शनी भागाला, झरोक्यांना हात लावण्याआधी नगर निगमकडे विचारावं.

विजेची गळती विनाखर्च तपासता येते. रात्री घरातलं सगळं बंद करून मीटरवरचा लाल दिवा पाहा. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलं असेल तर ३,२०० लुकलुकींचं एक युनिट. सगळं बंद असताना दर अर्ध्या मिनिटाला एक लुकलुक दिसली तर सुमारे ३७ वॉट कुठेतरी जात आहेत, महिन्याला २७ युनिट. जुन्या हवेलीत भाऊबंदांच्या वाटण्यांनंतर वायरिंग एकमेकांत गुंतलेली असते, त्यामुळे शेजारच्या वाट्याचा पंखा तुमच्या मीटरवर फिरत असण्याची शक्यता खरोखर असते. इलेक्ट्रिशियन दोनपाचशे घेईल, ते द्यावेत.

मग तज्ज्ञ कधी? घर मोठं असेल, त्यात होमस्टे किंवा कारखाना असेल आणि तिन्ही इंधनांचा वार्षिक खर्च लाखाच्या पुढे असेल तेव्हा. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००२ मध्ये स्थापन झालेल्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे प्रमाणित ऑडिटर मुख्यतः कारखाने आणि मोठ्या इमारती पाहतात. घराला ऑडिटची सक्ती नाही आणि फी ठरते बोलण्यावर. माझा ठोकताळा असा: पहिल्या वर्षाच्या अपेक्षित बचतीपेक्षा फी जास्त नको. लेखी कोटेशन घ्या; त्यात प्रवास, उपकरणं आणि अहवाल यांचे पैसे वेगळे दाखवलेले असावेत. थर्मल कॅमेऱ्याला आत-बाहेर दहाएक अंशांचा फरक लागतो, म्हणून त्यांना फेब्रुवारीच्या सुखद दुपारी बोलावणं म्हणजे पैसे वाया. मे महिन्यातली दुपार किंवा जानेवारीची पहाट मागून घ्या.

अमेरिकेत वा कॅनडात लाकडाच्या स्टोव्हवर घर गरम करणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांसाठी एक सूचना. तिथे दाराला पंखा बसवून घरातली हवा ओढतात आणि गळती मोजतात. त्या ओढीने चिमणीतला धूर आणि चुलीतली राख उलटी खोलीत येते. म्हणून स्टोव्ह आदल्या दिवशीच विझवून राख काढून ठेवावी. चारदीवारीत मध्ये उघडा चौक असलेल्या हवेलीत ही चाचणी निरर्थक आहे. कुणी तिचे पैसे लावत असेल तर ती वगळायला सांगा.

सिगडीबद्दल मात्र हिशेबाच्या पलीकडे जाऊन सांगतो. दारं-खिडक्या बंद करून, रजईत शिरताना पेटती सिगडी खोलीत ठेवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचंही तेच. ऑडिट करून घ्या अगर न घ्या, दोन-अडीच हजारांचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म आधी घ्या आणि सिगडी झोपण्यापूर्वी चौकात नेऊन ठेवा.