पहिले धावण्याचे बूट घेताना

धावायला सुरुवात करायची ठरवलेल्या माणसाला पहिला अडथळा येतो तो दुकानात. भिंतीवर अडीच हजारांपासून वीस हजारांपर्यंतचे बूट मांडलेले असतात आणि गुडघे सांभाळायचे असतील तर वरच्या फळीवरचेच घ्या, असं विक्रेता सांगत असतो. महिन्याचा खर्च जुळवताना ओढाताण होणारी माणसं तिथूनच परत फिरतात, नाहीतर न झेपणारा खर्च करून बसतात. माझं मत स्पष्ट आहे: दुखापतीच्या भीतीपोटी महाग बूट घेऊ नका. नावाजलेल्या कंपनीचे, धावण्यासाठीच बनवलेले आणि तुमच्या पायाला सुखावणारे साधे बूट नवशिक्याला पुरेसे आहेत. ते साधारण अडीच ते चार हजारांत मिळतात. गेल्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळालं तर उत्तमच.

हे मत मी अभ्यासांच्या आधारे मांडतो आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 साली तीन कंपन्यांचे स्वस्त, मध्यम आणि महाग बूट घेतले, त्यांवरची नावं झाकली आणि ते घालून चालणाऱ्यांच्या तळव्यांवर पडणारा दाब मोजला. दाब कमी करण्यात स्वस्त बूट महागांच्या बरोबरीचे निघाले. कोणता बूट सुखकर वाटतो याचाही किमतीशी मेळ बसला नाही. आता कुणी म्हणेल, दाब मोजला म्हणजे दुखापत मोजली असं होत नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रत्यक्ष दुखापती मोजणाऱ्या चाचण्यांकडे पाहायला हवं. बुटांवरच्या अशा 12 चाचण्यांचा, म्हणजे 11 हजारांहून अधिक माणसांचा, कॉक्रेन संस्थेने 2022 साली एकत्रित आढावा घेतला. एका प्रकारच्या बुटांमुळे दुसऱ्यापेक्षा पायाच्या दुखापती कमी होतात, असं त्यात ठामपणे दिसलं नाही. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्या आढाव्यात नमूद आहे. पण एवढा शोध घेऊनही जो फायदा ठळक दिसत नाही, त्यासाठी दहा हजार रुपये जास्त मोजायला मी कुणाला सांगणार नाही.

‘माझे तळवे सपाट आहेत, मला तर खास बूट लागतीलच ना?’ हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकी सैन्यदलांत हजारो प्रशिक्षणार्थींवर हेच तपासलं गेलं. काहींना तळव्याचा आकार पाहून बूट दिले, काहींना तो न पाहता सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये 927 नवशिक्यांना साधे, एकाच प्रकारचे बूट देऊन वर्षभर पाहिलं, तेव्हा पाय आतल्या बाजूला कलणाऱ्यांना (सपाट तळव्यांचे पाय बहुधा असेच कलतात) जास्त दुखापती झाल्या नाहीत. उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. लक्झेंबर्गमधल्या 2016 सालच्या एका चाचणीत पाय आत कलणाऱ्यांना आधार देणाऱ्या बुटांचा फायदा झाला. तिथल्याच दुसऱ्या चाचणीत कठीण सोलचे बूट घालणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका सुमारे दीडपट दिसला. तेव्हा अंगठ्याने दाबून न दबणारा, फळीसारखा सोल टाळा, आणि पाय फारच आत कलत असेल, शिवाय दुखतही असेल, तर आधी तपासून घ्या. मऊ सोल मात्र स्वस्त बुटांतही मिळतो.

मग निवडायचं कशावर? सुखावर. कॅनडातले संशोधक बेनो निग यांनी 2015 साली हाच निकष मांडला. त्याआधी 206 सैनिकांवर झालेल्या अभ्यासात ज्यांना सहा प्रकारच्या आतल्या तळपट्ट्यांतून स्वतःला बरी वाटेल ती निवडू दिली, त्यांना तळपट्टी न मिळालेल्यांपेक्षा कमी दुखापती झाल्या. आणि सगळ्यांची निवड एकच नव्हती. सुख पारखायचं तर घाई नको. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. धावताना घालणार तेच मोजे घाला. दोन्ही पायांत बूट घालून उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे, मग ते अंगठ्याशेजारचं का असेना, अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. टाच आत सरकता कामा नये, चवडा दोन्ही बाजूंनी आवळला जाऊ नये. आपल्याकडे बालपण अनवाणी किंवा चपलांत गेलेल्या अनेकांचे चवडे रुंद असतात. त्यांनी लांबी वाढवून रुंदी मिळवण्यापेक्षा रुंद साच्याचा बूट मागावा, नाहीतर दुसऱ्या कंपनीचा पाहावा. मग दुकानातच चार-दोन मिनिटं हलकं धावून पाहा. ‘वापरून वापरून सैल होईल’ या भरवशावर कुठेतरी टोचणारा बूट घेऊ नका.

स्वस्ताचीही एक खालची मर्यादा आहे. डंडीच्या अभ्यासातले स्वस्त बूटसुद्धा खऱ्या कंपन्यांचे, धावण्याचे बूट होते. रस्त्यावर मिळणारी ‘फर्स्ट कॉपी’ वरून हुबेहूब असते, पण आतला फोम कसला आहे, सोल किती दिवस चिकटून राहील, याची काहीच खात्री नसते. भावाचे जुने, टाचेला एका बाजूने झिजलेले बूटही नकोत. आणि अनवाणी धावावं का? लहानपणापासून ज्यांच्या पायांना ती सवय आहे त्यांची गोष्ट वेगळी. बुटांची सवय असलेल्या धावकांना दहा आठवड्यांत अगदी पातळ सोलच्या बुटांवर आणलं, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या पावलांच्या हाडांत एमआरआयवर सूज दिसली.

दुखापतीचं मोठं कारण बहुतेक वेळा बूट नसून झपाट्याने वाढवलेलं अंतर असतं. 2025 साली पाच हजारांहून अधिक धावकांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गेल्या 30 दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून अधिक लांबवली की धोका वाढताना दिसला. अंतर एकदम दुपटीहून जास्त केलं तेव्हा तो सर्वाधिक होता. तेव्हा बुटांतून वाचलेल्या पैशांपेक्षा मोलाचा आहे तो तुमचा संयम. चालणं आणि धावणं आलटून पालटून करा, मध्ये एक दिवस सोडा. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल आणि ते धावताना वाढत असेल, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडाची बारीक चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून धावत राहू नका.

सुखाचा हा निकष मधुमेहींना मात्र जसाच्या तसा लागू नाही. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायाची संवेदना मंदावते. बूट घासतो आहे, फोड आला आहे, हे कळतच नाही. तुम्हाला मधुमेह असेल तर खरेदीआधी पायांची संवेदना आणि रक्तपुरवठा तपासून घ्या. बूट घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवून खडा किंवा शिवणीची गाठ नाही ना हे पाहा, आणि घरी आल्यावर तळवे आरशात बघा. लालसर डाग दिसला तर तो पूर्ण जाईपर्यंत धावू नका. तो टिकला किंवा कातडी फाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.