जागा कमी असली तरी बंदीत कंबर तयार ठेवा

मंडळी, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. या दिवसांत बोटीची डागडुजी होते, जाळी दुरुस्त होतात, पण अंगाचं काय? हंगाम सुरू झाला की पहिल्याच फेरीला बर्फ, डिझेलचे कॅन, भरलेले क्रेट उचलायचे. दोन महिने सैल पडलेली कंबर तिथेच धरते.

बंदीत आपली काही पोरं सुरतेला, गोडादऱ्यात नातलगांकडे राहून काम करतात. खोली लहान, जिम एका गाळ्यात. वजन घेऊन चालायला जागा कुठे, असं विचारतात. आम्ही सांगतो, या व्यायामाला मैदान लागत नाही.

१) अंतर नाही, वेळ मोजा. वजन हातात धरून ३० सेकंद ताठ चाला. पाच पावलं पुढे, पाच मागे. वळताना कंबर पिळू नका, पाय फिरवून वळा. तेवढीही जागा नसेल तर जागेवरच एकेक गुडघा सावकाश उचला.

२) वजन एकाच हातात धरा. मग अंग सरळ ठेवायला दुसऱ्या बाजूची कंबर झटते. कॅनडातले पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी २००९ साली असं वजन नेताना स्नायूंवर येणारा भार मोजला होता. कमी वजनात जास्त काम होतं. नंतर हात बदला.

३) वजन घरातच आहे. २० लिटरचा पाण्याचा कॅन भरला की २० किलो. तेवढंच डिझेल साधारण १७ किलो भरतं, म्हणजे पाण्यावर तयारी झाली की डिझेल हलकंच वाटेल. अर्ध्या कॅनातलं पाणी हेलकावतं, बोटीवर तोल सांभाळायची तीही सवय. डिझेल मात्र घरात आणू नका.

४) सुरुवात १० किलोने. प्रत्येक हाताने ३ वेळा, एक दिवसाआड. दर आठवड्याला एक-दोन लिटर वाढवा.

उचलताना गुडघे वाकवा, कॅन अंगाजवळ ठेवा, श्वास कोंडू नका. अंग एका बाजूला झुकायला लागलं की थांबा. बीपी, हर्निया किंवा पायात मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

नाखवांनो, बंदीत इंजिन खोलून बघताच ना? तसंच खलाशांनाही हे आत्ताच सांगा. एकाची कंबर धरली की त्याचं ओझं बाकीच्यांच्या पाठीवर येतं.