सहाध्यायी शिक्षक : गुण आणि मर्यादा

शिकविणारा हा शिकणाऱ्यापेक्षा फार पुढे गेलेला असावा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु एक-दोन पावलेच पुढे असलेल्या विद्यार्थ्याने मागच्याला हात देण्याची पद्धत बरीच जुनी आहे. डॉ. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या एग्मोर येथील अनाथाश्रमात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविले आणि १७९७ साली लंडनमध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे इंग्लंडात या पद्धतीचा बराच प्रसार झाला. तिचा दोषही दिसून आला. शिकविणाऱ्या मुलाला जेवढे सांगितलेले असे, तेवढेच तो पुढे सांगे. त्यामुळे पाठांतर वाढे, समज वाढतेच असे नाही.

प्रथम वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना मी अनिवार्य इंग्रजीत मदत करतो. हे गुणदोष मला स्वतःत दिसतात.

जमेची बाजू अशी की, विद्यार्थी कोठे अडतो हे मला चटकन कळते. 'मी चार वर्षांपासून येथे राहतो' याचे इंग्रजी पुष्कळजण 'आय लिव्ह हिअर सिन्स फोर इयर्स' असे करतात. ही चूक आळसाची नव्हे. मराठीत 'चार वर्षांपासून' आणि 'जूनपासून' या दोन्ही ठिकाणी 'पासून' चालते. इंग्रजीत मात्र कालावधी सांगताना 'फॉर' व आरंभ सांगताना 'सिन्स' येते. शिवाय मराठीत नुसते 'राहतो' पुरते, तेथे इंग्रजीला 'हॅव बीन लिव्हिंग' लागते. याच वाटेने मी नुकताच आलो असल्यामुळे खाचखळगे ठाऊक आहेत. दुसरे असे की, वर्गात हात वर न करणारा मुलगा माझ्यापुढे 'समजले नाही' असे चारदा म्हणावयास लाजत नाही.

उणी बाजूही तितकीच खरी आहे. नियम मला सांगता येतो, त्यामागचे कारण नेहमीच सांगता येते असे नाही. समोरचा अडखळला की माझा हात पेन्सिलीकडे जाऊ पाहतो. उत्तर आयते मिळाले की दोघांनाही बरे वाटते. परंतु परीक्षेत त्याला एकट्यानेच लिहावयाचे असते. शिवाय 'तुझे अजून कच्चे आहे' असे मित्राला सांगताना जीभ अडते. ज्याच्या घरी अभ्यासातले विचारावयास कोणी नाही, त्याचा एक विषय राहिला तर शिक्षणच सुटण्याची भीती असते. अशा वेळी भिडेपोटी गप्प राहणे ही मैत्री नव्हे.

विचार करता असे दिसते की, गुण आणि दोष दोन्ही जवळिकीतूनच आले आहेत. म्हणून मी तीन पथ्ये ठरविली आहेत. पेन्सिल शिकणाऱ्याच्याच हाती ठेवावी. समजलेला नियम त्याने स्वतःच्या वाक्यात मला परत सांगावा. आणि कारण मला सांगता आले नाही, तर दोघांनी मिळून प्राध्यापकांकडे जावे. सहाध्यायी प्राध्यापकांची जागा घेऊ शकत नाही. त्यांच्या दारापर्यंत जावयास संकोचणाऱ्याला तो सोबत मात्र करू शकतो.