गेम बनवून विकायचाय? लॅपटॉपच्या हप्त्याआधी हे वाचा

व्हिडिओत हा मुद्दा घाईत उरकला, म्हणून इथे नीट लिहितोय.

मागच्या महिन्यात दुकानात बीसीए करणारा एक मुलगा आला. चार्जर घेतला आणि काउंटरवरच विचारलं, "दादा, गेम बनवून विकायचेत. ऐंशी हजारांचा लॅपटॉप हप्त्यावर घेऊ का?" मी विचारलं, "आजवर किती गेम पूर्ण केलेस?" एकही नाही. कॉलेजात टर्बो सी++ शिकलेला, बस.

टर्बो सी++ परीक्षेपुरतं ठीक. पण ते डॉसच्या जमान्यातलं. त्यात बनलेला १६-बिट प्रोग्रॅम आजच्या ६४-बिट विंडोजवर डॉसबॉक्सशिवाय चालत नाही. गिऱ्हाइकाला काय सांगणार, आधी डॉसबॉक्स टाका?

सी येत असेल तर जीसीसी घ्या. विंडोजसाठी तो मिनजीडब्ल्यू नावाने मिळतो, फुकट. कंपायलर फक्त तुमचा कोड मशीनला चालवता येईल असा करून देतो. चित्र, आवाज, कीबोर्ड यासाठी लायब्ररी लागते; माझ्या मते सुरुवातीला रेलिब बरी. तिच्या विंडोज इन्स्टॉलरमध्ये कंपायलर सोबतच येतो, म्हणजे जोडाजोडीत आठवडा जात नाही.

"कंपायलर फुकट, मग गेमपण फुकट द्यावा लागेल का?" हे त्यानेही विचारलं. नाही. जीसीसीचं जीपीएल लायसन्स त्या कंपायलरला आहे, त्यातून निघालेल्या तुमच्या गेमला नाही. रेलिबचं झेडलिब लायसन्सही विकायला आडवं येत नाही. खरा घोळ चित्रं आणि संगीतात होतो. नेटवरून 'फ्री' म्हणून उचललेलं बरंचसं धंद्यासाठी वापरता येत नाही. लायसन्स वाचा राव!

मोबाइलसाठीच बनवायचं असेल तर सरळ गोडो इंजिन घ्या. एमआयटी लायसन्स, रॉयल्टी नाही. फक्त त्या लायसन्सचा मजकूर गेमसोबत द्यायचा. लॅपटॉप जुना असेल तर नवा प्रोजेक्ट उघडताना 'कम्पॅटिबिलिटी' रेंडरर निवडा.

युनिटी का नाही? चांगलं आहे, पण सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने इन्स्टॉलमागे फी जाहीर केली, बनवणारे भडकले, आणि वर्षभराने ती रद्द झाली. माल देणारा एकच असला की भाव तो ठरवतो, हे दुकानदाराला वेगळं सांगायला नको.

खर्च म्हणाल तर गूगल प्लेचे २५ डॉलर, एकदाच. मात्र १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. पैसे भरणं सोपं, बारा माणसं टिकवणं अवघड.

त्या मुलाला म्हटलं, घरच्या जुन्या लॅपटॉपवर एका स्क्रीनचा सापाचा गेम पूर्ण कर, मग लॅपटॉपचं बोलू. परवा येऊन दाखवून गेला. साप अजून भिंतीतून आरपार जातो, पण हप्ता काही सुरू केलेला नाही.