मुंबई विद्यापीठ : त्याची स्थापना व वाढ

मुंबईस सहलीला गेलेलीं मुलें ओव्हल मैदानाच्या कडेला उभीं राहून राजाबाई मनोऱ्याकडे मान वर करून पाहतात, आणि घरीं परतल्यावर "आम्हीं युनिव्हर्सिटी पाहिली" असें आईबापांस सांगतात. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. परंतु हें विद्यापीठ स्थापन झालें तेव्हां त्याला मनोरा नव्हता, सभागृह नव्हतें, ग्रंथालय नव्हतें. फार काय, शिकविण्याकरितां स्वतःचा एकही शिक्षक नव्हता. शिक्षकावांचून विद्यापीठ ही गोष्ट आमच्या बालवाचकांस चमत्कारिक वाटेल. म्हणून तें कसें जन्मास आलें, कसें वाढलें, आणि त्याचीं दारें कोणाकोणासाठीं केव्हां उघडलीं, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१८५४ सालच्या जुलै महिन्यांत विलायतेहून ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानांतील सरकाराकडे शिक्षणासंबंधीं एक लांबलचक खलिता आला. बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष सर चार्लस वुड ह्यांच्या नांवानें तो प्रसिद्ध आहे. त्यांतील दोन गोष्टींशीं आपला संबंध फार निकटचा आहे. खाजगी शाळांना, मग त्या मिशनच्या असोत वा इतर कोणाच्या, सरकारनें पैशाची मदत द्यावी ही एक. मिशनच्या कित्येक शाळा ह्या मदतीवर उभ्या राहिल्या. दुसरी गोष्ट अशी कीं, कलकत्ता व मुंबई येथें, आणि जरूर पडल्यास मद्रास येथेंही, लंडन युनिव्हर्सिटीच्या धर्तीवर विद्यापीठें काढावीं. लंडनचें विद्यापीठ त्या काळीं स्वतः शिकवीत नसे. शिकविणें हें कॉलेजांचें काम; विद्यापीठानें अभ्यासक्रम नेमावा, परीक्षा घ्यावी व उत्तीर्ण झालेल्यास पदवी द्यावी. दागिना घडविणारा सोनार निराळा आणि सोनें कसोटीवर घासून त्याचा कस सांगणारा निराळा, त्यांतलाच हा प्रकार होता.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८५७ सालच्या जुलै महिन्याच्या १८ तारखेस झाला. ही तारीख वाचकांनीं थोडी थांबून पाहावी. त्या दिवशीं दिल्ली शहर बंडवाल्यांच्या हातीं होतें, उत्तर हिंदुस्थानांत रणें माजलीं होतीं, आणि खुद्द कंपनीचें राज्य टिकतें कीं नाहीं ह्याची भ्रांत होती. अशा वेळीं पदव्या व परीक्षा ह्यांचा कायदा शांतपणें मंजूर झाला ह्याचें आम्हांला नेहमींच नवल वाटत आलें आहे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे पहिले चॅन्सेलर, आणि न्यायाधीश सर विल्यम यार्डली हे पहिले व्हाइस चॅन्सेलर झाले. (ज्यांच्या नांवानें एल्फिन्स्टन कॉलेज निघालें ते मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे ह्या गव्हर्नरसाहेबांचे चुलते. परीक्षेंत ह्या दोघांची गल्लत करणारे विद्यार्थी दर वर्षीं आढळतात.) विद्यापीठाचें बिऱ्हाड टाउन हॉलमध्यें होतें, आणि तेथेंच तें पुढें कित्येक वर्षें राहिलें.

कॉलेजेंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच होतीं. मुंबईचें एल्फिन्स्टन, पुण्याचें सरकारी कॉलेज व वैद्यक शिकविणारें ग्रँट मेडिकल कॉलेज हीं प्रथम जोडलीं गेलीं. १८६१ सालीं त्यांत रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या संस्थेची भर पडली. डॉ. विल्सन १८२९ सालीं स्कॉटलंडाहून मुंबईस आले, मराठी शिकले, आणि १८३२ सालीं त्यांनीं जी शाळा काढली तीच वाढत वाढत विल्सन कॉलेज झाली. १८६८ सालीं ते विद्यापीठाचे व्हाइस चॅन्सेलर झाले. पुढें १८६९ सालीं सेंट झेवियर कॉलेज निघालें, १८८५ सालीं पुण्यास फर्ग्युसन निघालें. मोहरीच्या दाण्याचा दाखला आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालीं झाली. तीस १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. आपल्या मुलाचा निकाल पाहून ज्या पालकांचा जीव खालींवर होतो त्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. ह्या बावीसांतून तीन वर्षांनीं, १८६२ सालीं, पहिले बी.ए. झालेले चार गृहस्थ निघाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. रानडे न्यायमूर्ति झाले. भांडारकर संस्कृत विद्येंत जगन्मान्य झाले आणि १८९३ सालीं ह्याच विद्यापीठाचे व्हाइस चॅन्सेलर झाले. त्यांच्या आदल्या वर्षीं काशिनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांना तो मान मिळाला होता, व तो मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. मोडक आमच्यासारखेच शाळामास्तर झाले.

आतां त्या मनोऱ्याकडे वळूं. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटल्यामुळें तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, व मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरांत पैशाचा पूर आला. ह्या दिवसांत सर कावसजी जहांगीर रेडीमनी ह्यांनीं सभागृहासाठीं एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद ह्या व्यापाऱ्यानें १८६४ सालीं ग्रंथालयासाठीं दोन लाख दिले, आणि आपली आई राजाबाई हिच्या नांवानें मनोरा बांधावा म्हणून आणखी दोन लाख दिले. १८६५ सालीं युद्ध संपलें. कापसाचा भाव कोसळला, शेअरांचे कागद रद्दीच्या मोलाचे झाले, आणि प्रेमचंदशेटचें दिवाळें निघालें. जें त्यांनीं राखलें तें गेलें, आणि जें देऊन टाकलें तें मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर अजून उभें आहे. इमारतींचे नकाशे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्या इंग्रज शिल्पज्ञानें विलायतेंत बसून काढले. त्यानें मुंबई कधीं पाहिली नाहीं. सभागृह १८७४ सालीं व २८० फूट उंचीचा मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. मनोऱ्यावर जे पुतळे आहेत ते मात्र येथल्याच जातिजमातींच्या माणसांचे असून रावबहादुर मुकुंद रामचंद्र ह्यांच्या हातचे आहेत.

एका बाईच्या नांवाचा मनोरा विद्यापीठाच्या माथ्यावर उभा राहत होता, त्याच सुमारास एक लहानसा पत्रव्यवहार झाला. १८७५ सालीं बेळगांवच्या एका पारशी गृहस्थानें विद्यापीठास विचारलें कीं, माझ्या मुलीस मॅट्रिकच्या परीक्षेस बसतां येईल काय? उत्तर नकारार्थी आलें. कारण काय, तर कायद्यांत व नियमांत परीक्षार्थीसाठीं सर्वत्र पुल्लिंगी सर्वनाम योजिलें होतें! मुलीची हुशारी किती, तिचा अभ्यास कितपत झाला, हें कोणीं विचारलें नाहीं. व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एका सर्वनामाचा प्रताप पाहावा. विद्यापीठांतील सगळे लोक स्त्रीशिक्षणाचे वैरी होते असें आम्ही म्हणत नाहीं. पण दार बंदच राहिलें, एवढें खरें. कलकत्त्याच्या विद्यापीठानें १८७८ सालीं स्त्रियांस परवानगी दिली, आणि १८८३ सालीं चंद्रमुखी बसू व कादंबिनी ह्या दोन बंगाली स्त्रियांना पदव्या मिळाल्या. त्याच वर्षीं मुंबईनेंही ठराव केला कीं पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा. आठ वर्षांपूर्वीं जी अडचण डोंगराएवढी वाटली ती एका ओळीनें दूर झाली.

ह्या ठरावानंतर जी पहिली मुलगी पदवीपर्यंत पोहोंचली ती आपल्याच समाजांतली. रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुळांतून ख्रिस्ती झालेले मिशनरी. त्यांची कन्या कॉर्नेलिया हिचा जन्म १८६६ सालीं नाशिकास झाला. ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकली. शेंकडों मुलांमध्यें एकटी मुलगी. कित्येकदां तिच्या तोंडावर वर्गाचें दार लावून घेण्यापर्यंत टवाळांची मजल गेली. तरी १८८७ सालीं ती बी.ए.च्या परीक्षेंत पहिल्या वर्गांत आली. इतके गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास विलायतेस जाण्याकरितां सरकारी शिष्यवृत्ति मिळत असे; ती तिला स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. तिनें अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत पुरुष विद्यार्थ्यांना शिकविलें, आणि १८८९ सालीं हितचिंतकांच्या मदतीनें ती ऑक्सफर्डला गेली. तेथें १८९२ सालीं ती कायद्याची बी.सी.एल. परीक्षा उत्तीर्ण झाली. पण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत कोणत्याच स्त्रीला पदवी देत नसे, म्हणून तिच्या हातीं पदवी पडली ती १९२२ सालीं. इतक्या जुन्या आणि नामांकित विद्यापीठाच्या कितीतरी आधीं आपल्या मुंबईनें हें दार उघडलें, ही गोष्ट अभिमानाची आहे. मात्र त्या अभिमानांत १८७५ चा नकार विसरूं नये.

दुसरें एक दार ह्याहूनही जड होतें. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुले ह्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें स्पष्ट सांगितलें कीं, सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो, आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. हा आक्षेप खरा होता. नियमांत जातीचें नांव नव्हतें, पण विद्यापीठापर्यंत जाणारी वाट गांवच्या शाळेंतून जात असे, आणि तेथें कोणास वर्गाबाहेर बसवीत, कोणास पाण्याला शिवूं देत नसत. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांनीं एल्फिन्स्टन हायस्कुलांतून मॅट्रिक केलें तें १९०७ सालीं, म्हणजे विद्यापीठ निघाल्यास पन्नास वर्षें लोटल्यावर. त्यांनीं १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढलें, तें कां काढलें हें निराळें सांगावयास नको.

मराठी भाषेलाही ह्या विद्यापीठांत बराच काळ ताटकळावें लागलें. आरंभीं देशी भाषांस अभ्यासक्रमांत जागा होती. पुढें ती गेली, आणि संस्कृत, लॅटिन अशा प्राचीन भाषा तेथें आल्या. देशी भाषांत उच्च अभ्यासास योग्य असें वाङ्मयच नाहीं, असें म्हणत. रानडे ह्यांनीं सेनेटांत हा प्रश्न पुनःपुन्हां धसास लावला, मराठी ग्रंथांची मोजदाद करून टिपण लिहिलें, आणि त्यांच्या आयुष्याच्या अगदीं शेवटीं एम.ए.च्या परीक्षेंत देशी भाषांचा प्रवेश झाला. १९०१ च्या जानेवारींत ते वारले.

१९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस स्वतः शिकविण्याची मुभा दिली. १९१९ सालीं पॅट्रिक गेडीस समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, १९३३ सालीं रासायनिक तंत्रविद्येचा विभाग निघाला. आणि एके काळीं केवळ कसोटी घेऊन बसलेलें विद्यापीठ स्वतः दागिने घडवूं लागलें.

त्याचा मूळचा मुलूख सिंधपासून कर्नाटकापर्यंत होता. घरांतील मुलें वेगळीं बिऱ्हाडें करतात तशी स्थिति पुढें झाली : सिंध विद्यापीठ १९४७ सालीं निघालें, पुणें, बडोदें, गुजरात व कर्नाटक हीं १९४९ सालीं. मॅट्रिकची परीक्षाही त्याच सुमारास विद्यापीठाकडून निघून शालान्त परीक्षा मंडळाकडे गेली. उलट गोवा मुक्त झाल्यावर तेथील कॉलेजें मुंबईस जोडलीं गेलीं, व १९८५ सालीं गोवा विद्यापीठ होईपर्यंत तीं मुंबईच्याच छत्राखालीं होतीं. १९९६ सालीं विद्यापीठाच्या इंग्रजी नांवांतलें 'बॉम्बे' जाऊन 'मुंबई' आलें. २०१८ सालीं ओव्हल मैदानाभोंवतालच्या इमारतींना युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत राजाबाई मनोराही आहे.

ह्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदावर पहिली स्त्री बसली ती १९८६ सालीं. त्यांचें नांव डॉ. मेहरू बेंगाली. बेळगांवच्या त्या गृहस्थास नकाराचें उत्तर गेल्यास तेव्हां एकशें अकरा वर्षें झालीं होतीं.