पायाला लावलं, ओठांना कळलं

लेझरने पायांवरचे केस काढून घ्यायचे ठरले, तेव्हा पार्लरमधल्या मुलीने प्रस्तुत लेखिकेला सांगितले, "ताई, घरूनच नंबिंग क्रीम लावून या, वरून प्लॅस्टिक गुंडाळा. काही कळणारसुद्धा नाही." तिने तसेच केले. आदल्या रात्री रेझर फिरवला, सकाळी घोट्यापासून मांडीपर्यंत क्रीम थापले आणि स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळली. पाऊण तासात ओठ बधिर झाले, कानात गुणगुण सुरू झाली, तोंडाला लोखंडासारखी चव आली. उपाशीपोटी असे होत असेल, म्हणून ती लिंबू सरबत प्यायली. जावेने मात्र हातांची थरथर पाहिली, फिल्म टराटरा फाडली, ओल्या फडक्याने पाय पुसले आणि तिला रिक्षात घातले. रात्र इस्पितळात, मॉनिटरखाली गेली.

अमेरिकेत दोघी वाचल्या नाहीत. एक 22 वर्षांची, दुसरी 25. दोघींनी लेझरआधी पायांना असेच क्रीम लावून, सांगितल्याप्रमाणे प्लॅस्टिक गुंडाळले होते. आधी झटके आले, मग कोमा. 2007 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने, एफडीएने, या मृत्यूंचा दाखला देऊन इशारा दिला. 2024 मध्ये पुन्हा अशी क्रीम विकणाऱ्या सहा कंपन्यांना ताकीद द्यावी लागली.

ही क्रीम म्हणजे बहुधा लिग्नोकेन, म्हणजेच लिडोकेन. ते मज्जातंतूंमधला सोडियमचा प्रवाह अडवते, म्हणून वेदना कळत नाही. रक्तात जास्त गेले, तर मेंदूत आणि हृदयातही तेच करते. अ‍ॅड्रेनालिन नसलेल्या लिग्नोकेनच्या इंजेक्शनला मोठ्या माणसासाठी साधारण 300 मिलिग्रॅमची मर्यादा असते. 5 टक्क्यांच्या 30 ग्रॅमच्या एका ट्यूबमध्ये 1500 मिलिग्रॅम असते. एरवी त्यातले थोडेच कातडीतून आत जाते. पण नुकतीच रेझर फिरवलेली त्वचा, वरचे प्लॅस्टिक, गरम शेक आणि मोठा भाग एकत्र आले, की हिशेब बदलतो.

सुई टोचण्याआधी डॉक्टरही क्रीमवर पट्टी लावतात, पण ती जेमतेम हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर, घड्याळ लावून. तान्ह्या बाळांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नये. काही क्रीममध्ये प्रिलोकेन हे दुसरे बधिर करणारे औषधही असते; त्याने त्यांचे रक्त ऑक्सिजन नीट पोहोचवू न शकण्याचा, ओठ निळे पडण्याचा धोका असतो.

ओठ बधिर झाले, गरगरले, बोबडी वळली, तर क्रीम तत्काळ पुसावे, धुवावे आणि गाडी स्वतः न चालवता इस्पितळ गाठावे. जावेने निघताना ट्यूब पिशवीत टाकली होती. डॉक्टरांनी पहिल्यांदा तीच मागितली.